डाव्या हाताचा दोरा

मॉडीन क्विडलीने बांधलेला मासेमारीचा रॉड हातात आला की टॅनर्स इनलेटमधला कोणताही पुरुष आधी तो हलवून बघतो, मग एक डोळा मिटून कड्यांची रांग बघतो, मग ओठ बाहेर काढून मान डोलावतो आणि म्हणतो, "छान आहे गं, पण यूरायसची गोष्ट वेगळी." हे वाक्य तिने पस्तीस वर्षं ऐकलं आहे. म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांना दोऱ्याचा वेढा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हेही सांगता येणार नाही. पण मत द्यायला माहिती लागते असं आमच्या गावाने कधी मानलेलं नाही.

यूरायस क्विडली म्हणजे मॉडीनचा बाप. तो जाऊन चौदा वर्षं झाली. गावात चर्चं दोन आहेत, पण खरी भक्ती बघायची असेल तर धक्क्यावरच्या दुकानात जावं. तिथे इव्ही मीकिन्स आमिष, कॉफी आणि मक्याच्या पिठाची भजी विकतो, आणि कॉफीच्या यंत्रावर, दोन खिळ्यांच्या आधाराने, यूरायसचा एक रॉड आडवा टांगलेला असायचा. १९७९ च्या नोव्हेंबरात इव्हीने त्या रॉडवर एकाहत्तर पौंडी तांबडा ड्रम मासा काढला होता. त्या दिवशी रॉड जो भिंतीवर गेला तो पुन्हा पाण्याला लागला नाही. कॉफी घ्यायला येणारा प्रत्येक जण त्याच्याकडे बघून टोपीच्या झापेला दोन बोटं लावायचा. अडतीस वर्षं भज्यांचा धूर खाऊन त्याच्यावर तेलकट तपकिरी पुटं चढली होती. त्यालाही लोक तेज म्हणायचे.

काम तसं सांगायला सोपं आहे. एक नुसती दांडी असते, आणि तंगूस, म्हणजे गळाची दोरी, जायला तिच्यावर कड्या बसवायच्या असतात. कडीला दोन पाय. ते कानशीने घासून निमुळते करायचे, दांडीवर टेकवायचे आणि त्यांच्यावर दोरा गुंडाळत जायचा, वेढ्याला वेढा चिकटून. शेवटचे आठ-दहा वेढे उरले की खाली दोऱ्याचा एक फास ठेवायचा, वेढे पुरे झाले की टोक त्यात ओवायचं आणि फास ओढून ते टोक वेढ्यांच्या पोटात घ्यायचं. मग वरून काचेसारखा लेप. लेप धरेपर्यंत रॉड मोटरवर सावकाश फिरत ठेवायचा, नाहीतर लेप ओघळून पोट धरतो. बुडबुडे आले तर तोंडाची वाफ द्यायची. बस, एवढंच. फक्त वेढ्यांत केसाएवढी फट राहिली तर लेपाखाली ती दुप्पट मोठी होऊन दिसते आणि बघणाऱ्याला बांधणाऱ्याची सगळी चाल सांगते.

मॉडीन जन्मापासून डावरी. अठरा वर्षांची असताना ती सकाळी खेकडे सोलायच्या शेडमध्ये जायची आणि दुपारी बापाच्या हाताखाली बसायची. हाताखाली म्हणजे अक्षरशः. यूरायस मागे उभा राहून तिच्या खांद्यावरून बघायचा आणि नाकातून आवाज काढायचा. तोंडाने काही बोलायचा नाही. स्तुतीचा एक शब्द जरी बाहेर पडला तरी पोरगी बिघडेल अशी त्याला भीती होती, आणि बायकोच्या बाबतीत ही काळजी त्याने तिच्या शेवटच्या दिवसापर्यंत घेतली होती.

दुसऱ्या दिवशी मॉडीन खेकड्यांच्या वासासकट परत आली की तिच्या टेबलावर कापलेल्या निळ्या दोऱ्याचा एक बोळा ठेवलेला असायचा.

"सगळं कापून काढावं लागलं," यूरायस म्हणायचा. "सकाळभर बसलो नि पुन्हा बांधलं. हे बघ. याला म्हणतात वेढा."

आणि मोटरवर फिरणारा, ओला चमकणारा रॉड तो तिला दाखवायचा. मॉडीन वाकून बघायची. किती सुरेख, तिला वाटायचं. आपल्याला कधी येणार असं? तो बोळा ती एप्रनच्या खिशात टाकायची, कारण कचऱ्याच्या डब्यात कुणी बघितला तर लाज.

अशी चार वर्षं गेली. मग एके दुपारी इव्ही मीकिन्स काही कामाने यूरायसच्या रॉड बांधायच्या शेडकडे आला आणि खिडकीतून आत डोकावला. मॉडीन एकटी बसली होती आणि डाव्या हाताने दोरा घालत होती. यूरायस मागच्या दारातून आला तेव्हा इव्ही काचेला नाक लावून उभा.

"पोरगी बांधते की काय तुझे रॉड?" इव्ही म्हणाला.

"छे! सराव करतेय," यूरायस म्हणाला. मग त्याने आयुष्यातली सगळ्यात टिकाऊ वस्तू तयार केली. "डाव्या हाताचा दोरा धरत नाही रे. पीळ उलटा पडतो ना. मासा ओढायला लागला की सुटत जातो, बरणीच्या झाकणासारखा."

आमचं गाव म्हणजे होडीवर केळं नेलं तर मासा पळतो अशी ठाम खात्री बाळगणारं गाव. इव्हीने ही गोष्ट कॉफीबरोबर वाढली आणि आठवड्याभरात प्रत्येक जण हवेत बरणी उघडून दाखवायला लागला. ज्यांनी आयुष्यात सुईत दोरा ओवला नव्हता ते पिळावर व्याख्यानं देऊ लागले. दोरा दांडीवर लेपाखाली पक्का बसलेला असतो, त्याला उघडायला कोण जातंय, हे कुणी विचारलं नाही.

त्याच संध्याकाळी यूरायसने लेकीला सांगितलं, "उद्यापासून उजवा हात. नाहीतर खेकडेच सोल जन्मभर."

तिने उजव्या हाताला शिकवलं. वर्ष लागलं. उजव्या हाताचं तिचं काम घट्ट आहे, प्रामाणिक आहे, आणि ज्याला डोळा आहे त्याला कळतं की ते शिकवलेलं आहे. वेढे सरळ बसतात पण मोजून बसल्यासारखे. पुढे यूरायसच्या रॉडांचा दर्जाही उतरला. गाव म्हणालं, म्हातारा झाला, नजर गेली बिचाऱ्याची. तेव्हा तो पंचावन्नचा होता आणि अर्ध्या मैलावरून पेलिकन मोजायचा.

हे सगळं तसंच पुरलं गेलं असतं, पण गावात डॉक्टर हार्लन प्रूइट राहायला आले. राली शहरात तीस वर्षं लोकांच्या दाढा उपटल्यावर त्यांना समुद्राची ओढ लागली होती. त्यांच्या जाकिटाला सतरा खिसे आहेत आणि त्यांतल्या एकातही कधी आमिषाचा वास आलेला नाही. मासा त्यांना फारसा लागत नाही, पण रॉडवर ते दोन तास बोलू शकतात. त्यांनी यूरायसचे अकरा रॉड जमवले. १९७८ ते ८१ या वर्षांना त्यांनीच 'निळा काळ' असं नाव दिलं, कारण तेव्हाचा दोरा निळा होता. मग त्यांनी गावाच्या जुन्या जीवरक्षक ठाण्यात मासेमारीचं संग्रहालय काढायचं ठरवलं, आणि त्यात एक अख्खी खोली यूरायस क्विडलीची.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला ते मॉडीनच्या शेडमध्ये आले. मागून दोघा माणसांनी बारा रॉड आणून टेबलावर ठेवले. अकरा त्यांचे आणि बारावा कॉफीच्या यंत्रावरचा.

"मिस मॉडीन, तुम्ही वडिलांची कन्या," प्रूइट म्हणाले.

"असं ऐकून आहे," मॉडीन म्हणाली.

"हे बाराही रॉड तपासायचे आणि सही करायची. 'हे यूरायस क्विडली यांच्या हातचे आहेत,' बस. बाजारात नकला फार झाल्यात. आणि तुमच्याइतकं त्यांचं काम ओळखणारं दुसरं आहे कोण?"

"आणि हा?" तिने कॉफीच्या यंत्रावरून आलेल्या रॉडकडे बोट केलं.

"तो मधल्या काचेच्या कपाटात. स्वतंत्र दिवा लावणार आहोत वर. जरा पुसून घ्या, आणि सहाव्या कडीच्या आतली चकती फुटली आहे तेवढी बदला. पण जपून हं!" प्रूइट दाराशी वळून म्हणाले. "तो निळ्या काळाचा कळस आहे. तुमचा हात हलका ठेवा."

हात हलका ठेवा. पस्तीस वर्षं दोरा घालणाऱ्या बाईला दाढा उपटणारा माणूस हे सांगून गेला.  मॉडीनने साबणाचं कोमट पाणी घेतलं.

भज्यांची पुटं उतरायला दोन दिवस लागले. एकेक कडी मोकळी होत गेली आणि खालचा निळा रंग वर आला. सहाव्या कडीशी पोचल्यावर तिने भिंग डोळ्याला लावलं, दोरा कुठून कापायचा ते बघायला. दोऱ्याचं पोटात घेतलेलं टोक लेपाखाली केसासारखं उचललेलं दिसतं, ज्याला कुठे बघायचं ते माहीत असेल त्यालाच. ते कडीच्या पायाच्या कुशीत दबतं. उजव्या हाताने गुंडाळणाऱ्याचं पायाच्या उजव्या कुशीत, डावऱ्याचं डाव्या. यूरायसचे पन्नास-साठ रॉड तिने दुरुस्तीला उघडले होते, आणि प्रत्येकात टोक उजवीकडे होतं.

इथे ते डावीकडे होतं.

तिने भिंग पुसलं. मग चष्मा पुसला. मग पहिली कडी बघितली, दुसरी, आठवी. सगळी टोकं डावीकडे. मग तिला एक साधी गोष्ट लक्षात आली, जी इतक्या वर्षांत लक्षात यायला हवी होती. निळ्या काळातला एकही रॉड तिच्याकडे कधी दुरुस्तीला आला नव्हता. त्यांचा दोरा सुटलाच नव्हता.

तिने पातं घेतलं आणि सहाव्या कडीचा लेप चिरला. टोक चिमटीत धरून ओढलं तसा दोरा उलगडत आला, आणि तो तिच्या डाव्या हाताकडे आला, काही सांगावं न लागता, जसा पाळलेला कुत्रा घरी येतो तसा. खाली कडीचा पाय दिसला. त्याचं टोक घासून जरासं गोल केलेलं होतं. यूरायस चपटं घासायचा. गोल घासायची ती. त्याबद्दल तिने शिव्या खाल्ल्या होत्या.

म्हणजे त्याने काहीच कापलं नव्हतं. ते बोळे? रिळावरून चार हात दोरा काढायचा, पात्याने कचाकचा तुकडे करायचे आणि तिच्या टेबलावर ठेवायचे. रोज. चार वर्षं. इतकी मेहनत त्याने रॉडवर घेतली असती तर त्याचे स्वतःचे रॉडही बरे झाले असते. आणि मग तिचंच काम तिलाच दाखवून "याला म्हणतात वेढा", आणि ती वेडी वाकून वाकून बघत होती.

मॉडीन स्टुलावर बसली आणि हसली. हसता हसता तिला इतका राग आला की हातातलं पातं खाली ठेवावं लागलं. बाप मेला आहे याचं तिला त्या दिवशी जेवढं वाईट वाटलं तेवढं त्याच्या अंत्यविधीलाही वाटलं नव्हतं. जिवंत असता तर दोन शब्द सुनावता आले असते.

बाकीचे अकराही तिने बघितले. चार डावे, सात उजवे. भिंतीवरचा धरून पाच रॉड तिचे. आणि त्यांच्यावर, लेपाखाली, पांढऱ्या शाईत बापाचं नाव. आता तिने सही केली की ते पाच काचेआड जाणार आणि कायमचे यूरायसचे होणार, तेही तिच्याच हाताने. बाप मेल्यावर चौदा वर्षांनी तिला पुन्हा तेच करायला सांगत होता, आणि या वेळी तिच्या सहीनिशी.

सहावी कडी बांधायची बाकी होती. बापाच्या डब्यात त्याच जातीची जुनी कडी मिळाली, खणाच्या तळाशी त्याच निळ्या दोऱ्याचं अर्धं रीळ. तिने दांडी आधारावर ठेवली आणि दोरा डाव्या हातात घेतला.

पहिले दोन वेढे वाकडे पडले. तिसऱ्यानंतर हाताने तिच्याकडून काम काढून घेतलं. जुना लेप पिवळसर झाला होता, म्हणून नव्या लेपात तिने थेंबभर पिवळा रंग कालवला, मोटर लावली आणि फिरणाऱ्या निळ्या पट्टीवर वाफ देत बसली. बुडबुडे एकेक करून फुटले. एवढं सुख तिला चर्चमध्ये कधी झालं नव्हतं, आणि असं उघड म्हणायला ती आता घाबरत नाही.

शनिवारी दुपारी समितीची बैठक ठाण्यात भरली. समिती म्हणजे प्रूइट, इव्ही मीकिन्स आणि मिसेस डेल्फीन स्टो, जिच्या अंजिराच्या केकशिवाय आमच्याकडे जन्म, लग्न किंवा दफन होत नाही. बारा रॉड लांब टेबलावर मांडले होते. प्रूइटनी सहीचा कागद आणि पेन पुढे सरकवलं.

"आधी एक काम करा, डॉक्टर," मॉडीन म्हणाली. भिंतीवरचा रॉड तिने त्यांच्या हातात दिला. "फुटलेली कडी मी काढून नवी बांधली. कुठली ते सांगा."

"सहावी. मीच तर सांगितलं होतं."

"तुम्ही टोकाकडून मोजलं होतं की मुठीकडून?"

प्रूइटना ते आठवेना. पण माघार घेतील तर ते दातांचे डॉक्टर कसले. त्यांनी सतरापैकी चार खिसे चाचपून भिंग काढलं आणि एकेक कडी बघू लागले. केक कापून झाला, कॉफी ओतून झाली. शेवटी त्यांनी टोकाकडून सहाव्या, म्हणजे मुठीकडून तिसऱ्या कडीवर बोट ठेवलं.

"ही. वेढे आहेत, पण त्यांत प्राण नाही. सॉरी, मिस मॉडीन, पण हे डोळ्याला लगेच कळतं."

"ती एकोणऐंशी सालची आहे," मॉडीन म्हणाली. "नवी ही, मुठीकडून सहावी."

डेल्फीनने टाळ्या वाजवल्या. "अगं बाई! म्हणजे शेवटी शिकलीस की गं वडिलांसारखं!"

"शिकले नाही, डेल्फीन. तेव्हाही मीच बांधला होता. हा, आणि डॉक्टरांच्यातले ते चार. निळे सगळे."

 मग प्रूइट हसले, रुग्णाला सुई दुखणार नाही असं सांगताना हसतात तसं.

"मिस मॉडीन, तुमचं दुःख मी समजू शकतो. मोठ्या माणसाच्या सावलीत राहणं सोपं नसतं. पण तुमचे रॉड आम्ही बघितलेत ना हो."

"छान असतात," डेल्फीन घाईने म्हणाली. "खरंच छान असतात."

"ते उजव्या हाताचे," मॉडीन म्हणाली. "हे डाव्या हाताचे आहेत. टोक बघा. पायाच्या डाव्या कुशीत दबलंय. डॅडींचं उजवीकडे असतं. भिंग तुमच्या हातात आहे."

प्रूइटनी बघितलं. मग आपले अकरा रॉड एकेक करून बघितले आणि त्यांचा चेहरा बदलत गेला. दहा मिनिटांनी त्यांनी पाच रॉड वेगळे काढून टेबलाच्या टोकाला सरकवले. हळूच नव्हे, जरा जोरातच.

"डाव्या हाताचा दोरा," ते म्हणाले. "यूरायसनी डाव्या हाताचा दोरा कधी घातला असता? ज्या माणसाने तो धरत नाही हे शोधून काढलं? म्हणजे हे पाचही बनावट!"

"मला सुरुवातीपासून त्या निळ्यात काहीतरी खटकत होतं," डेल्फीन म्हणाली. तिने आठ वर्षं त्याच निळ्या रंगाचे पडदे लावले होते.

"आणि तुम्ही आत्ताच दाखवलंत," प्रूइट मॉडीनकडे वळले, त्यांचा आवाज चढला, "की तुम्ही हुबेहूब तसंच बांधू शकता. जुना दोरा, जुनी कडी, लेप पिवळा केलेला! मग या बनावट मालामागे कोण आहे, मिस मॉडीन?"

मॉडीनने कॉफीचा पेला खाली ठेवला.

"हो, डॉक्टर. अठराव्या वर्षापासून मी डॅडींची नक्कल करायला बघत होते, आणि डॅडी माझी. त्यांना ती जमली नाही, एवढंच." मग ती इव्हीकडे वळली. "मिस्टर इव्ही, तुम्ही खिडकीतून पाहिलं होतंत."

इव्ही अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. वादळात होडी उलटली तेव्हा दोन माणसांना केसांना धरून ओढत किनाऱ्यावर आणणारा हा गडी. त्याने प्रूइटकडे पाहिलं, डेल्फीनकडे पाहिलं, मग बशीतल्या केककडे पाहिलं.

"फार वर्षं झाली, पोरी," तो म्हणाला आणि अंजिराचा एक तुकडा काट्याने इकडून तिकडे सरकवत बसला.

मॉडीनने सात रॉडांच्या कागदावर सही केली. सात होतेच बापाचे, आणि खरं ते खरं. बनावट पाचांचं काय करायचं असा प्रश्न निघाला. प्रूइटना ते घरात नको झाले होते. पाहुण्यांना काय सांगणार? "घेऊन जा," ते म्हणाले, "आणि कृपा करून पुन्हा कुणाच्या गळ्यात मारू नका." इव्हीनेही आपला परत मागितला नाही. तिने पाचही रॉड काखेत मारले आणि बाहेर पडली. माणसं असं दान देताना बघितली नाहीत कधी मी, आपण काय देतोय याचा पत्ताच नाही.

संग्रहालय उघडलं. मधल्या कपाटात, स्वतंत्र दिव्याखाली, आता १९८४ चा एक रॉड आहे. त्याच्या चौथ्या कडीपाशी लेप ओघळून चिंचोक्याएवढं पोट आलं आहे. लोक त्याच्यासमोर टोप्या काढतात आणि एकमेकांना म्हणतात, बघ, याला म्हणतात खरा हात. दुकानात मात्र दोन रिकामे खिळे राहिले, आणि कॉफी घ्यायला येणारी मंडळी सवयीने अजून त्या खिळ्यांकडे बघून झापेला दोन बोटं लावतात.

ऑक्टोबरच्या शेवटी वारा ईशान्येला फिरला आणि ड्रम मासे किनाऱ्याला आले. मॉडीन त्या खिळ्यांवरचा रॉड घेऊन धक्क्याच्या टोकाला गेली. बापाचं नाव तिने खरवडलं नव्हतं. त्याच्या खाली पांढऱ्या शाईत फक्त एक ओळ लिहून वर लेप दिला होता: बांधला मॉडीनने, डाव्या हाताने.

इव्ही मागून आला. कठड्याला टेकला.

"मी बोलायला हवं होतं त्या दिवशी," तो म्हणाला.

"हवं होतं," मॉडीन म्हणाली.

"बरणीच्या झाकणाची गोष्ट मीच पसरवली सगळीकडे."

"तेही माहितेय मला."

ती त्याची समजूत काढेल अशी त्याची अपेक्षा असावी. तिने काढली नाही. तिने रॉड त्याच्या हातात दिला.

"भिंतीवर टांगून ठेवलात अडतीस वर्षं. मासे धरायला बांधला होता मी. टाका."

इव्हीने टाकला. पाऊण तास काही नाही. मग रॉड असा वाकला की टोक कठड्याखाली गेलं, आणि रीळ ओरडायला लागलं. टोकावरची सगळी माणसं आपापली तंगुसं गुंडाळून बाजूला झाली आणि बघायला उभी राहिली.

"जपून हं मिस्टर इव्ही!" कुणीतरी ओरडलं. "डाव्या हाताचा दोरा आहे! कड्या सुटतील!"

"पिळाचा प्रश्न असतो," दुसऱ्याने शेजारच्याला समजावलं आणि हवेत बरणी उघडून दाखवली.

मॉडीन कड्या बघत होती. एक ते आठ, आणि पुन्हा एक ते आठ. एकही वेढा हलला नाही. वीस मिनिटं म्हातारा पुढे-मागे सरकत, शिव्या देत, देवाचं नाव घेत झुंजला, आणि जाळं खाली सोडून वर घेतलं तेव्हा त्यात तांबूस, रुंद, माणसाच्या मांडीएवढ्या जाडीचा ड्रम होता. मापाने मोठा, म्हणजे आता कायद्याने सोडावाच लागतो. इव्हीने त्याला दोन हातांत धरून पुन्हा जाळ्यात ठेवलं आणि पाण्यात सोडलं. मग दम खात तो उभा राहिला, टोपी काढली आणि मॉडीनकडे बघून छातीशी धरली, सगळ्यांसमोर.  त्याला उशीर झाला होता हे दोघांनाही ठाऊक होतं.

बाजूच्या माणसाने रॉड उचलला, हलवून बघितला, एक डोळा मिटून कड्यांची रांग बघितली आणि ओठ बाहेर काढून मान डोलावली.

"छान आहे गं, मॉडीन," तो म्हणाला. "पण यूरायसची गोष्ट वेगळी."

"हो," मॉडीन म्हणाली, आणि डावा हात पुढे करून आपला रॉड परत घेतला. "त्यांना हा जमला नसता."